जूनच्या आत शाळेचा रस्ता मुलांसाठी मोकळा करू या

पुण्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या पालकांना, शिक्षकांना, लोकप्रतिनिधींना, गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला आणि आठवी ते बारावीतल्या मुलामुलींना कळकळीचं आवाहन

जूनच्या मध्यावर शाळा उघडतील. मधले हे आठवडे हातचे जाऊ देऊ नका, एवढी विनंती करायला हे लिहितो आहे. आपल्याला एकच काम करायचं आहे. शाळेपासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांना चालत आणि पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना सायकलने निर्धास्तपणे शाळेत जाता यावं, इतका तो रस्ता सुरक्षित करायचा आहे. कोणी काय करायचं ते पुढे सविस्तर मांडलं आहे. पण हे इतकं तातडीचं का आहे, ते आधी ऐकून घ्या.

मुलांचं शरीर हलेनासं झालं आहे

पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही तासभराची हालचाल किती मुलांच्या वाट्याला येते? ‘लॅन्सेट’ समूहाच्या बाल व किशोर आरोग्यविषयक नियतकालिकात २०१९ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १४६ देशांतल्या, ११ ते १७ वयाच्या सुमारे १६ लाख शाळकरी मुलांची माहिती त्यात होती. त्यातली ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण सुमारे ८५ टक्के होतं, तर मुलग्यांमध्ये ७८. भारतातही चारपैकी जवळजवळ तीन मुलं या निकषात बसली नाहीत. आणि हे आकडे २०१६ सालचे आहेत. टाळेबंदीत घरात कोंडलेली दोन वर्षं आणि घरोघरच्या मुलांच्या हातात आलेला मोबाइल, या दोन्ही गोष्टी त्यानंतरच्या.

‘आमची मुलगी तर बारीकच आहे, तिला व्यायामाची काय गरज?’ असं अनेक आया विचारतात. त्यांच्यासाठी पुण्यातलंच एक उदाहरण देतो. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपली दोघांची छायाचित्रं शेजारी-शेजारी छापली. उंची आणि वजनावरून काढतात तो बीएमआय दोघांचाही सारखाच होता, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी त्याच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. त्यामुळे मधुमेह आपल्याला इतरांपेक्षा लवकर गाठतो. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात केलेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या सुमारे १० टक्के मुलांमध्ये मधुमेहाच्या आधीची अवस्था आढळली. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात साधारण पाच मुलं. ती कोण, हे नुसतं बघून ओळखता येत नाही.

याच वयात हाडं घडतात. माणसाच्या हाडांची घनता आयुष्यात जितकी वाढायची, त्यातला फार मोठा भाग अठराव्या-विसाव्या वर्षापर्यंत तयार होतो. चालताना, धावताना, जिना चढताना हाडांवर भार पडतो आणि त्या भारामुळेच ती भक्कम होतात. हे म्हातारपणाच्या पुंजीसारखं आहे: बहुतेक भरणा विशीपर्यंतच होतो, पुढे मुख्यतः खर्च. दिवसा उघड्यावर घालवलेला वेळ मुलांच्या डोळ्यांनाही मानवतो. जी मुलं उजेडात बाहेर असतात त्यांना लांबचं अंधूक दिसण्याचा, म्हणजे लांबच्या नंबराचा चष्मा लागण्याचा धोका कमी असतो.

आणि अभ्यासाचं म्हणाल, तर डेन्मार्कमध्ये २०१२ साली जवळपास २० हजार शाळकरी मुलांची एकाग्रता तपासली गेली. नाश्त्याचा एकाग्रतेवर काय परिणाम होतो, हे प्रामुख्याने पाहायचं होतं. प्रत्यक्षात शाळेत कसं पोहोचलात, याचाच परिणाम जास्त दिसला. चालत किंवा सायकलने आलेल्या मुलांचं लक्ष वाहनातून आलेल्या मुलांपेक्षा चांगलं लागत होतं आणि हा फरक शाळेचे पहिले काही तास टिकत होता. मार्कांसाठी मुलाला स्कूटरवरून फाटकापर्यंत सोडणाऱ्या पालकांनी याचा जरूर विचार करावा.

तो एक तास आणायचा कुठून?

नववी-दहावीच्या मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी क्लास, दुपारी शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास. पीटीचा तास गणिताने किंवा विज्ञानाने घेतलेला. घराजवळचं मैदान एक तर इमारतीखाली गेलेलं, नाही तर कार्यालयाला भाड्याने दिलेलं. रविवारी सराव परीक्षा. अशा मुलाला ‘रोज तासभर खेळ’ असं सांगून काहीच होत नाही, कारण त्याच्याकडे तो तास उरलेला नाही.

पण शाळेत जाणं आणि येणं मात्र रोज होतंच. ठीकठाक वेगाने चालणारं मूल दोन किलोमीटर अंतर साधारण पंचवीस मिनिटांत कापतं. जाऊन-येऊन पन्नास मिनिटं झाली. चार किलोमीटरवर राहणाऱ्या मुलाला सायकलने वीस मिनिटं लागतात, म्हणजे दिवसाकाठी चाळीस. तासाचा बहुतेक हिशेब इथेच पुरा होतो. त्याला फी नाही, मैदान लागत नाही, प्रशिक्षक लागत नाही. खेळात मागे पडणाऱ्या, संघात कधीच न निवडल्या जाणाऱ्या मुलालाही हा व्यायाम मिळतो. म्हणूनच शाळेच्या रस्त्याची बाब मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मुलांना मिळण्यासारखा हा शेवटचा तास आहे आणि तोही आपण वाहनांच्या हवाली केला आहे.

पुण्याला हे नवं नाही. हे सायकलींचं शहर होतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले कामगार, कॉलेजची मुलं-मुली, प्राध्यापक, सगळे सायकलवरून जात. ज्या आजी-आजोबांनी पेठांमधून सायकली हाणल्या, त्यांचीच नातवंडं आज आठशे मीटरवरच्या शाळेत गाडीवर बसून जातात. २०१८ मध्येच पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येच्या पुढे गेली.

चावी मुलांच्या हाती देऊ नका

आठवी-नववीपर्यंत रिक्षा किंवा व्हॅन, दहावीत आईच्या मागे स्कूटरवर आणि अकरावीत थेट स्कूटरची चावी, असा क्रम अनेक घरांत ठरून गेला आहे. ट्रिपल सीट, हेल्मेट नाही, परवाना नाही. क्लास सुटल्यावर रात्री नऊच्या सुमारास कुठल्याही उपनगरात ही मुलं दिसतात.

कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. त्या वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत वाहन परवाना मिळत नाही. सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीची, तीही परवाना काढून. घराघरात उभ्या असलेल्या स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या आहेत.

काही पालक यावर पळवाट काढतात आणि परवाना न लागणारी, कमी वेगाची इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन देतात. ती कायद्यात बसत असेल, पण मुलाचं बसून राहणं तिनेही थांबत नाही. त्याच पैशांत उत्तम सायकल, हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि भक्कम कुलूप येऊन वर पैसे उरतात.

भीती खरी आहे, पण ती कशाने जाईल?

‘रस्ता इतका धोक्याचा आहे, मुलाला एकटं कसं पाठवू?’ हा प्रश्न उडवून लावण्यासारखा मुळीच नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यातले ३२ हजार ८२५ जण पायी चालणारे होते. अठरा वर्षांखालची ९ हजार ५२८ मुलं त्या वर्षी गेली. दिवसाला सव्वीस. ज्या आईला हे आकडे माहीत नाहीत, तिलाही रस्त्याकडे बघून ते कळतात.

पण या भीतीपोटी आपण काय करतो ते पाहा. रस्ता धोक्याचा म्हणून आपण मुलाला गाडीवरून सोडतो. तीनशे पालक सोडतात तेव्हा फाटकासमोर तीनशे गाड्या येतात. दुपारी साडेबाराच्या सुमाराला, सकाळची शाळा सुटताना आणि दुपारची भरताना, कुठल्याही मोठ्या शाळेसमोर उभं राहून बघा. पदपथावर चढवलेल्या स्कूटर, उलट्या दिशेने घुसलेल्या रिक्षा, दोन रांगांत उभ्या मोटारी आणि त्यांच्यामधून वाट काढणारी, चालत आलेली मुलं. त्यांच्यासाठी तो धोका आपणच उभा केलेला असतो. ते बघून आणखी एक पालक ठरवतो, उद्यापासून आपणही गाडीवरूनच सोडायचं. हे चक्र कुठेतरी आपल्यालाच तोडावं लागेल.

ते तुटू शकतं. नेदरलँड्स आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो, पण तोही एकेकाळी मोटारींच्या मागे लागला होता. १९७१ साली त्या छोट्याशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली आणि त्यात चारशेहून जास्त मुलं होती. ज्या पत्रकाराची स्वतःची मुलगी अशा अपघातात गेली, त्याने ‘मुलांच्या हत्या थांबवा’ या मथळ्याचा लेख लिहिला आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आई-बापांनी मुलांना घेऊन रस्ते अडवले, रस्त्यावर टेबलं मांडून जेवणं केली, संसदेपर्यंत धडक मारली. सरकारला निवासी गल्ल्यांचे नियम बदलावे लागले आणि सायकलींना वेगळे मार्ग द्यावे लागले. तिथली किशोरवयीन मुलं आज पावसापाण्यातही सायकलने शाळेत जातात, याचं मूळ पालकांच्या त्या लढ्यात आहे. आपल्याकडे पावसाळा चार महिने असतो, त्यांच्याकडे तर बाराही महिने पाऊस.

आपल्याकडेही कागदावर सगळं आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं आणि २०१७ च्या अखेरीस सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले, तेव्हा तिथे माणसं किती सुखाने चालू लागली ते आपण पाहिलं. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवला जातो आणि बाजारपेठ त्या दिवशीही चालते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं, की मोकळ्या पदपथावरून चालण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच येतो. धोरण आहे, आराखडा आहे, न्यायालयाचा शब्द आहे. कमी आहे ती शाळेच्या दारापर्यंत हे सगळं खेचून आणणाऱ्या पालकांच्या रेट्याची.

जी मुलं आजही चालतात, त्यांचा विचार करा

मुलांना पुन्हा चालायला लावू या असं म्हणताना एक गोष्ट आपण विसरतो. लाखो मुलं आजही चालतातच. हैदराबादमधल्या सुमारे ५,८०० शाळकरी मुलांची २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते, की ५७ टक्के मुलं चालत आणि ६ टक्के सायकलने शाळेत जात होती. आपल्या शहरांतही महापालिकेच्या शाळांतली मुलं मोठ्या संख्येने पायीच येतात. ज्यांच्या घरी गाडी नाही, रिक्षाचे पैसे नाहीत, त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नसतो. आपण आपल्या मुलांना रस्त्यावरून उचलून गाडीत बसवलं, तेव्हा रस्ता नीट करण्याचा आग्रहही सोडून दिला. मागे राहिली ती मुलं, ज्यांच्या आई-बापांचं म्हणणं कोणी ऐकत नाही. शाळेचा रस्ता सुरक्षित झाला तर पहिल्याच दिवशी त्याचा लाभ या मुलांना होईल. व्हीलचेअरवरून किंवा कुबड्या घेऊन येणाऱ्या मुलांनाही सपाट, सलग पदपथच लागतो.

ग्रामीण भागात प्रश्न वेगळा आहे. तिथे मुली चालण्याला कंटाळत नाहीत, अंतरामुळे त्यांची शाळाच सुटते. सातवीपर्यंतची शाळा गावात आणि हायस्कूल सहा किलोमीटरवर, अशी स्थिती शेकडो गावांत आहे. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात आणि मुलींसाठी प्रत्येक तालुक्यात सात एसटी बस चालवल्या जातात. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे. सायकलीने काय होतं, ते बिहारने दाखवलं. तिथे २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासानुसार, त्यामुळे योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुला-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली. आपल्या तालुक्यातल्या सायकली वेळेवर, म्हणजे शाळा उघडतानाच मिळाव्यात, दिवाळीनंतर नव्हेत, एवढी मागणी प्रत्येक ग्रामसभेने आत्ताच करावी.

कोणी काय करायचं?

पालकहो, पहिलं पाऊल तुमचं. येत्या रविवारी मुलाबरोबर घरापासून शाळेपर्यंत चालत जा. कुठे पदपथ तुटला आहे, कुठे ड्रेनेजचं झाकण उघडं आहे, कुठे डीपीच्या पेटीने वाट अडवली आहे, कुठला चौक ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो, याची यादी करा, फोटो काढा. यादी शाळेत द्या आणि क्षेत्रीय कार्यालयात लेखी देऊन पोच घ्या. मग आठवड्यातले दोन दिवस ठरवा, ज्या दिवशी मूल चालत किंवा सायकलने जाईल. एकट्याने पाठवायची धास्ती वाटत असेल, तर एकाच सोसायटीतल्या, एकाच गल्लीतल्या चार-पाच मुलांना एकत्र पाठवा. मुली गटाने निघाल्या की छेडछाडीची भीतीही कमी होते. पहिले काही दिवस एखाद्या पालकाने बरोबर जावं. घर लांब असेल आणि गाडीने सोडणं भागच असेल, तर शाळेच्या पाचशे मीटर अलीकडे उतरवा. आणि अठरा पूर्ण झाल्याशिवाय गाडीची चावी देऊ नका. मुलाचा हट्ट असला तरी, घाई असली तरी.

मुख्याध्यापकांनो, महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. तुम्ही तिचे अध्यक्ष आहात आणि वाहतूक पोलिस, आरटीओ आणि पालक यांचे प्रतिनिधी तिच्यावर आहेत. ही समिती आजवर बस आणि व्हॅनचाच विचार करत आली. जूनच्या आत तिची बैठक बोलवा आणि चालत, सायकलने येणाऱ्या मुलांचा रस्ता हा पहिला विषय ठेवा. शाळा भरताना आणि सुटताना फाटकासमोरची पंधरा-वीस मिनिटं वाहनांना पूर्ण बंद करा. रिक्षा आणि व्हॅन कुठे थांबतील, ती जागा फाटकापासून दूर आखून द्या. ज्या रिक्षाकाकांनी वर्षानुवर्षं मुलांना सांभाळून नेलं, त्यांनाही या बैठकीला बोलवा. रस्त्यातल्या अडचणी त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असतात. सायकलींसाठी छप्पर असलेली, कुलूप लावता येईल अशी जागा द्या. २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. पुस्तकं वर्गात ठेवायची सोय केलीत, तर चालणाऱ्या मुलाची पाठ वाचेल. आणि पीटीचा तास कुणालाही देऊ नका, दहावीचा तर मुळीच नको.

क्लास चालवणाऱ्यांनो, तुमच्या दारातही सायकली लावायला जागा हवी. शाळा सुटल्यावर क्लासला पोहोचायला मुलांना अर्धा तास मिळेल, अशा वेळा ठेवा. मुलं गाडीकडे वळतात त्यामागे ही ओढाताण मोठं कारण आहे.

आयुक्त, नगरसेवक आणि वाहतूक पोलिस अधिकाऱ्यांनो, शहरभरचा आराखडा पुरा होईपर्यंत थांबू नका. प्रत्येक शाळेच्या फाटकापासून पाचशे मीटरचा परिसर आधी हातात घ्या. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे किमान १.८ मीटर मोकळा पदपथ, रंग उडालेला नाही असा झेब्रा क्रॉसिंग, शक्य तिथे पदपथाच्या पातळीला उचललेला क्रॉसिंग, आणि पदपथावर पार्किंग नाही. शाळेच्या परिसरात वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर करा. जिथे पादचारी, सायकली आणि वाहनं एकत्र येतात तिथे हीच मर्यादा ठेवावी, असं २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगातल्या देशांनी मान्य केलं आहे. या वेगाने धडक बसली तर पादचारी वाचण्याची शक्यता खूप जास्त असते. ताशी ५० च्या पुढे ती झपाट्याने घटते. शाळा भरताना आणि सुटताना मुख्य चौकात पोलिस किंवा वॉर्डन उभा ठेवा. नागरिकांच्या सूचनांसाठी पुण्यात २००६ पासून सहभागी अंदाजपत्रकाची सोय आहे. पालकांनी सुचवलेल्या शाळेजवळच्या कामांना त्यात आधी जागा द्या.

गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे: गणवेशातली मुलं झेब्रावर दिसली की थांबा. हॉर्न वाजवत पुढे काढू नका. शाळेच्या गल्लीतून जाण्याने तुमची दोन मिनिटं वाचत असतील, तरी सकाळी आणि दुपारी तो रस्ता मुलांसाठी सोडा.

आणि मुलामुलींनो,

तुमच्यासाठी मोठ्यांनी काय करायचं ते वर लिहिलं आहे. आता तुमच्याशी थेट बोलतो. आठवी-नववीत सायकल सोडून देणं म्हणजे मोठं झाल्याचं लक्षण, असं आजूबाजूचे सांगतील. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. स्वतःच्या पायांवर, स्वतःच्या वेळेने, मित्र-मैत्रिणींबरोबर गप्पा मारत शाळेत जाणं, रस्ता आणि वेळ स्वतः सांभाळणं, यात जास्त मोठेपणा आहे. त्यासाठी काही गोष्टी पाळा. सायकल डाव्या बाजूने चालवा, उलट्या दिशेने कधीही नको. वळताना हात दाखवा. हेडफोन दप्तरात ठेवा. ब्रेक, हवा आणि दिवा दर आठवड्याला तपासा. आणि वर्गात एक काम नक्की करा. पहिल्याच आठवड्यात कोण कसं शाळेत येतं ते मोजा आणि वर्गाच्या फलकावर लिहा. दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा मोजा. आकडा बदलला नसेल, तर मुख्याध्यापकांना आणि नगरसेवकांना तुमच्या सह्यांचं पत्र लिहा. तुमच्या पत्राला उत्तर देणं त्यांना भाग पडेल.

मुलींशी वेगळं बोलायला हवं, कारण वयात आल्यावर तुमचं खेळणं आणि फिरणं सगळ्यात आधी बंद केलं जातं. ‘आता मोठी झालीस’ हे सायकल काढून घ्यायचं कारण होऊ शकत नाही. पाळी सुरू झाली म्हणून चालणं, सायकल चालवणं थांबवण्याची गरज नसते. त्रास होत असेल तर त्या दिवशी विश्रांती घ्या, पण ते ठरवणार तुम्ही. आई-वडिलांनो, मुलीची सायकल विकण्याआधी मुलींच्या हालचालीचे सुरुवातीला दिलेले आकडे पुन्हा एकदा वाचा.

काही शंका

पावसाळ्यात काय? रेनकोट, पावसाळी चप्पल आणि दप्तरावर प्लास्टिकचं कव्हर. फक्त पाण्याखाली उघडं झाकण असणार नाही, हे महापालिकेने जूनच्या आत पाहावं. उन्हाळ्यात काय? विदर्भ-मराठवाड्यात मार्चपासून शाळा सकाळी भरतात, त्या वेळात चालता येतं. शाळेच्या वाटेवर झाडं लावणं हेही महापालिकेचंच काम आहे. शाळा पाच किलोमीटरच्या पलीकडे असेल तर? पीएमपी किंवा एसटीची बस. स्टॉपपर्यंत चालत जाणं आणि तिथून चालत घरी येणं यातही रोजची वीस-तीस मिनिटं होतात. आणि पुढच्या वर्षी शाळा निवडताना, लांबच्या नामवंत शाळेआधी घराजवळच्या चांगल्या शाळेचा विचार जरूर करा.

येत्या पंधरा दिवसांत

सगळं एकदम होणार नाही, पण सुरुवात आजपासून होऊ शकते. या आठवड्यात रस्त्याची पाहणी करा. पुढच्या आठवड्यात पाच पालक एकत्र येऊन मुख्याध्यापकांना भेटा आणि परिवहन समितीच्या बैठकीची तारीख लिहून घ्या. त्याच आठवड्यात क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुन्हा जा, जास्त पालक घेऊन जा. एका शाळेचे पन्नास पालक एकत्र आले, तर कुठल्याही नगरसेवकाला त्यांच्याकडे पाठ फिरवता येत नाही.

आपल्या मुलांना रोज एक तास मोकळं शरीर आणि निर्भय रस्ता मिळायला हवा. हा त्यांचा हक्क आहे आणि तो मिळवून देणं ही आपली जबाबदारी. शाळा उघडायच्या आत तुमच्या शाळेच्या फाटकासमोरचा रस्ता मोकळा झाला पाहिजे. त्यासाठी आजच बाकीच्या पालकांना फोन करा.

पुण्यातल्या एका माध्यमिक शाळेतला शिक्षक